इंजेक्शनवर आणलेली जुनी फियाट घाटात बंद पडते? आधी टाकी ते पंप हे दोन फूट बघा

सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, गावात छान पळते. मे महिन्यात दुपारी खंबाटकीचा चढ लागला, पुढे ट्रकची रांग, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर पिकअप मरतो. दोन-तीन झटके, मग शांतता. बॉनेट उघडून वीस मिनिटं उभं राहायचं, टपरीवर चहा घ्यायचा, की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. ही तक्रार घेऊन माझ्याकडे इतक्या गाड्या आल्यात की फोनवर पहिलं वाक्य ऐकूनच मी विचारतो, "टाकीत पेट्रोल किती होतं?"

यातल्या बहुतेक गाड्या प्रीमिअर पद्मिनी आणि काही जुन्या जीप. पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. त्या जागी मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं, इंजिन बसवायची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. ते मुळात उभं बसतं, मागे गिअरबॉक्स, त्यामुळे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत जमून जातं, आणि ताकद साधारण दुप्पट होते. इंजिन, वायरिंग, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) यांवर माणसं महिनोन्‌महिने घालवतात. टाकी मात्र जुनीच राहते आणि तिला बाहेरून एक पंप शनिवारी संध्याकाळी घाईत जोडला जातो. मग गाडी घाटात थांबली की संशय ईसीयूवर. एका गृहस्थांनी माझ्याकडे येण्याआधी इंजेक्टर, कॉइल आणि तीन पंप बदलले होते. दोष निघाला टाकीच्या आतल्या नळीत. त्याकडे पुढे येतो.

लक्षणं नीट ओळखा

बंद कशी पडते हे सगळ्यात महत्त्वाचं. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी ओढायची थांबते, झटके देते, अॅक्सिलरेटर सोडला की थोडी सावरते, मग मरते. बटण दाबून दिवा घालवावा तशी एका क्षणात मेली, आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर आला, तर पेट्रोलचा नाद सोडा. गरम झाल्यावर दगा देणारा क्रँक किंवा कॅम सेन्सर, नाहीतर इग्निशनची वायर, यांच्याकडे बघा. तोही प्रकार थंड झाल्यावर आपोआप बरा होतो, म्हणून फसायला होतं.

पेट्रोलचाच दोष असेल तर त्याचे प्रकार साधारण असे:

- उन्हात, ट्रॅफिकमध्ये, तासाभराने त्रास सुरू. पंपाचा नेहमीचा गुणगुणता आवाज बदलून घरघर किंवा कर्कश होतो. पंपाकडे वाफ जाते आहे.
- टाकी अर्ध्याच्या खाली असताना फक्त एका बाजूच्या वळणावर किंवा चढावर झटका, सरळ रस्त्यावर लगेच ठीक. पेट्रोल नळीच्या तोंडापासून बाजूला सरकतं आहे.
- टाकी अर्ध्याच्या खाली गेली की सरळ रस्त्यावरही त्रास, टाकी फुल असली की कधीच नाही. आतली नळी मध्येच फुटलेली असू शकते.
- पहाटेच्या थंडीतही त्रास, पाच मिनिटं थांबलं की बरी. टाकीतला गंज जाळीला चिकटतो आणि पंप थांबला की गळून पडतो. हा हुबेहूब व्हेपर लॉकसारखा, म्हणजे वाफेने पंप अडल्यासारखा दिसतो.
- गावात उत्तम, पण ऐंशीच्या पुढे पूर्ण रेस दिली की दम संपतो. फिल्टर चोक किंवा पंपाला व्होल्टेज कमी.
- टाकीचं झाकण उघडलं की "फुस्स" आणि लगेच सुरू. झाकणाचा श्वास बंद.

पंप ढकलतो, ओढत नाही

हे डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या तपासण्यांचं कारण आपोआप कळतं. मूळ चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण रेसवर तासाला दहा-बारा लिटर पेट्रोल घ्यायचं. प्रेशर म्हणाल तर तीन-चार पीएसआय. आता रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) तीन बारच्या आसपास, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस पीएसआय लागतं. ते सांभाळायला बाहेरचा पंप तासाला सहज शंभर लिटर पेट्रोल फिरवतो. तेही त्याच जुन्या नळीतून. उसाचा घट्ट रस बारीक स्ट्रॉने जोर लावून ओढला की काय होतं, तेच इथे होतं. ओढीच्या बाजूला प्रेशर हवेपेक्षा खाली जातं, आणि प्रेशर घसरलं की पेट्रोल लवकर उकळतं. पाण्यासारखा त्याचा एकच उकळबिंदू नसतो. हलके घटक ३५-४० अंशांतच वाफ धरू लागतात. पंपात वाफ शिरली की तो नुसता फिरतो, ढकलायला हातात काही नसतं.

दुसरी गोष्ट गरम पेट्रोलची. नवीन इंजिन पूर्ण रेसवर तासाला पंचवीसेक लिटर घेतं, पण घाटाच्या रांगेत उभं असताना लिटर-दीड लिटर. उरलेले अठ्ठ्याण्णव लिटर तापलेल्या बॉनेटखालून फिरून टाकीत परत. टाकीत दहा लिटर असतील तर ते सगळं पेट्रोल दर सहा मिनिटांनी इंजिनाची वारी करून येतं. तासाभरात टाकीला हात लावून बघा. म्हणून मी पहिलं तेच विचारतो, पेट्रोल किती होतं.

फुकटातल्या तपासण्या

टाकी पाऊण भरा आणि त्याच वेळी, त्याच रस्त्याने न्या. त्रास गेला तर इंजिन, ईसीयू, इंजेक्टर सगळे निर्दोष सुटले. दोष टाकीत किंवा टाकी ते पंप या टप्प्यात आहे. एवढ्या एका प्रयोगात निम्मी यादी गळते, तरी तो फारसं कुणी करत नाही.

बंद पडल्यावर आधी टाकीचं झाकण उघडा आणि ऐका. जोरात हवा आत ओढली गेली तर व्हेंट बंद आहे. जुनी झाकणं बदलताना लोक दिसायला तशीच पण बिनछिद्राची आणतात. कार्बोरेटरवर ते खपून जायचं. बाहेर हवा सुटली तर तो वेगळा मामला, ती टाकीतल्या गरम वाफेची खूण.

मग ओला फडका. जुने टॅक्सीवाले इंजिनवरच्या मेकॅनिकल पंपावर ओला फडका टाकायचे ते आठवत असेल. आता तो पंप नाही, पण युक्ती तपासणीला उपयोगी आहे. बंद पडलेल्या गाडीत मागच्या इलेक्ट्रिक पंपावर आणि त्याच्या ओढीच्या होजवर ओला फडका ठेवा, वायरच्या टोकांवर पाणी येऊ देऊ नका. वीस मिनिटांऐवजी चार मिनिटांत सुरू झाली तर वाफेवर शिक्का. हा इलाज समजून फडका डिकीत कायमचा ठेवणारेही मी पाहिलेत.

मल्टिमीटरचं काम

इंजिन चालू, हेडलाइट आणि रेडिएटर फॅन चालू, आणि व्होल्टेज थेट पंपाच्या दोन टोकांवर मोजा. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर १३.३ असेल तर ठीक. पंपावर ११.५ असेल तर पंप चांगला असूनही फिरवायचं पेट्रोल बरंच कमी होतं. पंप गरम झाला आणि वायरही गरम झाली की आणखी कमी, म्हणून हा दोषही तासाभरानेच बोलतो.

कारण बहुतेक वेळा अर्थिंग. पंपाची काळी वायर डिकीच्या गंजलेल्या पत्र्याला स्क्रूने लावलेली असते. ती सरळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत आणा. प्लसची वायर रिलेतून, किमान २.५ स्क्वेअर एमएमची, बॅटरीजवळ फ्यूज घालून. अजून डायनॅमो असलेली गाडी असेल तर आयडलिंगला चार्जिंग जवळपास नसतंच, त्यामुळे आधी अल्टरनेटर बसवा, मग पुढचं बोलू.

रिले कोण चालवतं तेही इथेच बघून घ्या. पंप चावीला थेट जोडलेला असेल तर अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहील. रिले ईसीयूनेच चालवला पाहिजे, म्हणजे इंजिन फिरायचं थांबलं की दोन-तीन सेकंदांत पंप बंद. सोबत धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच लावा. भंगारातल्या गाडीतून काढलेला चालतो, आधी हाताने आपटून तपासा.

इथून पुढे पेट्रोलला हात लागणार

इंजेक्शनची लाइन बंद गाडीतही प्रेशर धरून असते. पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू द्या, दोन-तीन वेळा सेल्फ मारा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि सांध्यावर फडका धरून सैल करा. काम मोकळ्या हवेत, थंड इंजिनवर, जवळ ड्राय पावडरचा अग्निशामक. तारेचा हॅलोजन दिवा गाडीखाली नेऊ नका. तो पडतो, काच फुटते, आणि पुढचं सांगायची गरज नाही.

पहिला संशयित फिल्टर. पंपाच्या *आधी* फक्त जाडी जाळी हवी, साधारण शंभर मायक्रॉनची. बारीक, दहा मायक्रॉनच्या आसपासचा धातूचा फिल्टर पंपाच्या *नंतर*. पंपाला वाचवायचं म्हणून लोक बारीक फिल्टर आधी बसवतात आणि त्याचाच गळा दाबतात. तो कार्बोरेटरचा पारदर्शक प्लास्टिक फिल्टर, नाना पेठेत कुठल्याही दुकानात मिळणारा, पंपाच्या नंतर चुकूनही नको. तीन बारला फुटतो आणि फुटतो तो गरम इंजिनाशेजारी.

फिल्टर उलटा करून पांढऱ्या कापडावर रिकामा करा. तपकिरी पूड आली तर टाकी गंजलेली आहे, आणि नवा फिल्टर महिनाभरच टिकेल. आता पेट्रोल पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरतं आणि टाकीच्या भिंतीवर तीस वर्षं शांत बसलेला थर सुटा करतं. पूर्वी वर्षभर चालणारे फिल्टर हल्ली लवकर चोक होताना मी बघतो.

ओढीची बाजू: खरी मेख

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. प्रेशरच्या बाजूला गळती झाली तर पेट्रोल टपकतं, वास येतो, कळतं. ओढीच्या बाजूची गळती कोरडी असते, कारण पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फरशीवर थेंब नाही म्हणून सांधा चांगला, असं समजू नका.

तपासायला टाकी आणि पंप यांच्या मध्ये पारदर्शक पेट्रोल होजचा वीतभर तुकडा तात्पुरता घाला. फक्त ओढीच्या बाजूला, गाडी जागेवर उभी असताना. इंजिन चालू करून बघत बसा. सुरुवातीपासून बारीक बुडबुडे असतील तर हवा शिरते आहे. आधी स्वच्छ आणि अर्ध्या तासाने गरम झाल्यावर बुडबुडे, तर पेट्रोल उकळतं आहे. होज आत चपटी होताना दिसली तर तिच्या मागे काहीतरी चोक आहे. बघून झालं की तुकडा काढून टाका. "राहू दे, छान दिसतंय" म्हणून राहिलेले तुकडे दोन महिन्यांत पिवळे आणि कडक झालेले मी कापून काढलेत.

हवा शिरत असेल तर होज आणि क्लिपा बदला. होजवर काय छापलंय ते वाचा. एसएई जे३० आर७ ही कार्बोरेटरची, कमी प्रेशरची. आर९ इंजेक्शनची. जुनी साधी रबरी होज ई२०मुळे फुगते, आतून सोलते, आणि बाहेरून तुकतुकीत दिसत राहते. टाकीच्या *आत* पंप ठेवून होज पेट्रोलात बुडणार असेल तर आर९ चालत नाही, त्यासाठी आर१० वेगळी येते. महाग आहे, पण इलाज नाही. क्लिप गुळगुळीत कडेची, इंजेक्शनची घ्या. खाचा असलेली साधी जुबली क्लिप होज कापते. आणि आठच्या होजला सहाची निपल, वरून क्लिप जोरात आवळलेली, हा प्रकार दिसला तर बाकी तपासण्या थांबवून आधी तो बदला.

पंपाची जागा बघा. पंपाचं तोंड टाकीच्या तळापेक्षा खाली आणि टाकीच्या शक्य तितकं जवळ हवं, म्हणजे पेट्रोल वजनाने पंपात उतरेल. पुढे बॉनेटखाली बसवलेला पंप म्हणजे निमंत्रण देऊन बोलावलेला व्हेपर लॉक. मागे बसवला तरी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर, नाहीतर मध्ये पत्र्याचा आडोसा.

आता ती आतली नळी. बहुतेक जुन्या टाक्यांत पेट्रोल वरून बुडवलेल्या नळीने काढतात. तीन पंप खाल्लेल्या त्या गाडीत नळीला मध्यावर, गंजाने, टाचणी जाईल एवढं छिद्र होतं. टाकी अर्ध्यावर येईपर्यंत छिद्र पेट्रोलाखाली, सगळं उत्तम. अर्ध्याखाली गेली की नळी वरून हवा ओढायची. नळी बाहेर काढा, एक टोक अंगठ्याने दाबून दुसऱ्यातून फुंका, पाण्यात बुडवून बुडबुडे बघा. पाच मिनिटांचं काम. आतला व्यासही मोजा. ५-६ मिमी असेल तर ती इंजेक्शनला पुरायची नाही, ओढीला ८ ते १० मिमी हवा.

गेज लावा, मग रिटर्न मोजा

रेलला प्रेशर गेज लावा. जिप्सीच्या या इंजिनात चावी फिरवल्यावर, इंजिन बंद असताना, २.७ ते ३.१ बार दिसायला हवं. आयडलिंगला रेग्युलेटरला (रेलचं प्रेशर सांभाळणारा व्हॉल्व्ह) व्हॅक्यूम मिळतो म्हणून ते २.१ ते २.६ पर्यंत उतरतं, तो दोष नाही. पंप थांबल्यावर मिनिटभर तरी २ च्या वर टिकलं पाहिजे. लगेच शून्यावर आलं तर पंपातला वनवे व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळतो, आणि गरम गाडी पुन्हा सुरू करताना लांब सेल्फ मारावा लागतो त्याचं कारण ते.

प्रेशर *जास्त* दिसलं, गाडी काळा धूर देते आहे, तर रिटर्न लाइन, म्हणजे उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी, चोक किंवा बारीक आहे. कार्बोरेटरच्या टाकीला रिटर्न नसतोच, म्हणून कुणीतरी सापडेल त्या बारीक नळीतून तो परत नेलेला असतो. पंपाची ताकद बघायला पक्कडीने रिटर्नची होज दाबायची पद्धत गॅरेजांत आहे. मी करत नाही, प्रेशर क्षणात दुप्पट होतं.

रिटर्न मोजायला रेग्युलेटरनंतरची होज काढून धातूच्या डब्यात सोडा, रिले जंप करून पंप ३० सेकंद चालवा. थंड इंजिन, मोकळी हवा, दुसरा माणूस फ्यूजवर हात ठेवून. सहाशे-सातशे मिली मिळालं तर पंप आणि लाइन या इंजिनाला भरपूर झाली. तीनशेच्या खाली आलं तर वरचं सगळं पुन्हा तपासा. हीच चाचणी गाडी तापलेली असताना करायचा मोह आवरा.

सगळं ठीक आणि तरी वळणावर झटका

मग स्वर्ल पॉटला पर्याय नाही. जुन्या टाकीत आडपडदे नसतात, आणि कार्बोरेटरच्या बाउलमध्ये पेट्रोलचा साठा असायचा म्हणून क्षणभर हवा आली तरी चालून जायचं. इंजेक्शनला ती सवलत नाही. लिटर-दीड लिटरचं उभं भांडं, टाकीतून कमी प्रेशरचा छोटा पंप ते भरत राहतो, मोठा पंप त्याच्या तळातून घेतो, रेलचा रिटर्न त्यातच येतो, आणि माथ्यावरून जास्तीचं पेट्रोल व हवा टाकीत परत. माथ्याची ही नळी मोकळी आणि रुंद हवी. ती बारीक केली तर भांड्यात प्रेशर साचतं. भांडं प्रवाशांच्या जागेत नको.

इथे थांबा

टाकीला डाग द्यायचा, नवी निपल ब्रेझ करायची असेल तर हात लावू नका. रिकामी, धुतलेली, उन्हात महिनाभर ठेवलेली टाकीही वाफेने फुटते. पेट्रोल टाक्यांचंच काम करणारे कारागीर असतात, त्यांच्याकडे द्या, आणि गॅस वेल्डिंगवाल्या ओळखीच्या माणसाला मध्ये आणू नका. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. गाडीखालची धातूची लाइन बदलायची असेल तर फ्लेअरिंगचं नीट हत्यार असलेल्याकडूनच करून घ्या. थरथरून कडक झालेली तांब्याची पाइप तीन बारवर चिरते, म्हणून स्टील किंवा क्युप्रोनिकेल मागा. आणि बंद पडतानाही प्रेशर गेजचा काटा जागेवर असेल, तर पेट्रोलची बाजू सोडून चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. सेन्सरचा सिग्नल बघायला ऑसिलोस्कोप लागतो, अंदाजाने पार्ट बदलणं परवडत नाही. इंजिन बदलाची आरटीओ नोंद राहिली असेल तर तीही उरकून घ्या. आग लागल्यावर विमा कंपनी पहिलं तेच विचारते.

दुरुस्ती झाल्यावर मी गाडी अशी तपासतो: टाकी पाव, वेळ दुपारी दोन, अर्धा तास उन्हात आयडलिंग. मग गेज योग्य होजने काचेबाहेर वायपरखाली बांधून बोपदेव घाट, जाऊन-येऊन दोनदा, दुसऱ्या गिअरात. गेज आत केबिनमध्ये घ्यायचा नाही. वळणावर काटा एक रेघभर जरी थरथरला तरी गाडी मालकाला परत देत नाही, पुन्हा जॅकवर चढवतो.